लॅपटॉपच्या पोटातली मालगाडी

धाकट्या मुलीला जुळं झालं आणि मला खालची कवळी बसली, ते २०१६ साल. दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात झाल्या. घरात दोन्हींचं सारखंच कौतुक झालं असं मी म्हणतो. बाकीचे तसं म्हणत नाहीत. त्याच महिन्यात वहिनींचा लॅपटॉप फुगला.

फुगला म्हणजे खरोखर फुगला. आतली बॅटरी सुजली आणि झाकण मिटेना. दादाने त्याच्यावर हात फिरवून सांगितलं, "याला गॅस झालाय." दादा माझा थोरला भाऊ. त्याला स्वतःला तो त्रास असल्यामुळे गिरणीच्या भोंग्यापासून शेजारच्या भांडणापर्यंत सगळ्याचं निदान तो तेच करायचा. वहिनी म्हणजे त्याची बायको. आमची घरं एकाच मजल्यावर, दारं समोरासमोर, त्यामुळे एका घरात काही फुगलं की दुसऱ्या घराला ताबडतोब कळतं.

आता लॅपटॉप फुगला तर एवढं काय, असं कोणी म्हणेल. तर सांगतो. वहिनी मालगाडी चालवायच्या.

चौऱ्याहत्तर वर्षांच्या या बाईने उभ्या आयुष्यात सायकलसुद्धा चालवली नव्हती. पण पुतण्या, म्हणजे त्यांचा मुलगा, बोटीवर नोकरीला लागला आणि जाताना घरात आपला जुना कॉम्प्युटर ठेवून गेला. त्यात वीस वर्षांपूर्वीचा एक खेळ होता. समोर रूळ, डावीकडे वेगाचा दांडा, उजवीकडे ब्रेक, मागे कोळशाचे बावीस डबे, आणि वाटेत चौदा स्टेशनं. लहान मुलं तो खेळ गाडी आपटण्यासाठी खेळायची. वहिनींनी एकदाही लाल सिग्नल ओलांडला नव्हता. मालगाडी खऱ्या मालगाडीच्याच वेगाने जायची, म्हणजे दोन स्टेशनांमध्ये दीड-दोन तास. वहिनी एका बैठकीत एकच स्टेशन करायच्या. ड्रायव्हरला विश्रांतीचा नियम असतो, असं त्या म्हणायच्या. हा नियम त्यांना कोणी सांगितला ते विचारण्याची हिंमत दादाला झाली नाही, आणि मी तर धाकटा.

पुढे तो जुना कॉम्प्युटर मेला. पुतण्या सुट्टीवर आला होता. त्याने काय केलं, तर त्या जुन्या कॉम्प्युटरचा आत्मा काढून नव्या लॅपटॉपमध्ये ठेवला. याला म्हणतात आभासी यंत्र.

मी एकतीस वर्षं बॉयलरवर काढली आहेत. यंत्रात यंत्र असतं हे मला शिकवायला नको; पंपात मोटर असते, मोटरीत बेअरिंग असतं. पण हे स्क्रू काढून दिसणारं नव्हतं. पुतण्या म्हणाला, "काका, असं समजा, लॅपटॉपला झोपेत स्वप्न पडतं की आपल्या पोटात एक जुना कॉम्प्युटर आहे. त्या स्वप्नात आईची गाडी धावते. झाकण मिटलं की स्वप्न जिथल्या तिथे थांबतं."

मी म्हटलं, "आणि उघडलं की?"

"तिथूनच पुढे."

असा बॉयलर मला मिळाला असता तर मी निवृत्तच झालो नसतो.

त्याने लॅपटॉपवरच्या सगळ्या सूचना मराठीत करून दिल्या आणि तो बोटीवर निघून गेला. बोट अशा समुद्रात गेली की फोन पंधरवड्यातून एकदा लागावा, आणि तोही "हॅलो, हॅलो, आवाज येतोय का" एवढ्यापुरता. इकडे वहिनींनी गाडी अकराव्या स्टेशनापर्यंत आणली, झाकण मिटलं, आणि बॅटरी फुगली.

यात घाई कसली, ते सांगायला हवं. वहिनींचा उजवा डोळा आधीच गेलेला होता. डाव्याचं ऑपरेशन बावीस तारखेला ठरलं होतं. डॉक्टर सज्जन होता, म्हणून खोटं बोलला नाही. म्हणाला, "दिसेल अशी आशा आहे. पण बघायचं आहे ते आधी बघून घ्या." दुसऱ्या कोणी नातेवाइकांचे चेहरे बघून घेतले असते. वहिनी म्हणाल्या, "चेहरे मला पाठ आहेत. मला ती गाडी चौदाव्याला लावायची आहे."

नऊ तारखेला दुकानातून लॅपटॉप नव्या बॅटरीसह घरी आला. तो उघडण्याचा मान मला मिळाला, कारण घरात मशीनचा माणूस मीच. त्याच्यावर प्लॅस्टिकचा कागद होता, तो मी काढला. कडेच्या भोकांवर चिकटपट्टी होती, ती सोलली. त्या चिकटपट्टीखाली एका भोकात नखाएवढं एक काळं बूच बसवलेलं होतं. आता, नवा व्हॉल्व्ह कारखान्यात येतो तेव्हा त्याच्या तोंडाला असंच बूच असतं, धूळ जाऊ नये म्हणून. ते न काढता व्हॉल्व्ह बसवला तर वाफ अडते, आणि बसवणाऱ्याची इज्जत जाते. मी ते बूच नखाने उपसलं, खिशात टाकलं आणि कापडाने लॅपटॉप पुसून टेबलावर ठेवला. वाचणारा हुशार असेल तर त्याला इथेच हसू येईल. खुशाल हसावं. मला कळायला नऊ दिवस लागले.

वहिनी खुर्चीत बसल्या, चष्मा पुसला, आणि बटण दाबलं. पडद्यावर चौकट आली: "आभासी यंत्र सुरू करता आले नाही."

"परत दाबा," दादा म्हणाला.

परत दाबलं. परत तीच चौकट.

"भावजी," वहिनी म्हणाल्या, "तुम्ही बघा." आणि खुर्ची रिकामी केली. बॉयलर अडला की साहेब लोक असेच बाजूला व्हायचे. माझी छाती फुगली. त्या घरात त्या महिन्यात फुगलेली ही दुसरी वस्तू.

दहा तारखेला वरच्या मजल्यावरचे हेडक्लार्क आले. ते कुठल्याशा कचेरीतून निवृत्त झालेले, आणि बोलावण्याची वाट बघण्याचा त्यांचा स्वभाव नाही. त्यांनी पडद्याकडे एकदा पाहिलं.

"वाचलं," ते म्हणाले.

"एवढ्यात?" मी विचारलं. चौकटीत चार ओळी होत्या. मी अक्षरं शिकलो सत्तेचाळिसाव्या वर्षी, बॉयलरच्या परीक्षेसाठी, आणि तीही वहिनींकडेच. अजून मला प्रत्येक ओळीखाली बोट धरावं लागतं. माझं बोट दुसऱ्या ओळीवर होतं.

"कागद वाचायची पद्धत असते. वरचा विषय बघायचा आणि खालची सही. मधला मजकूर साहेबासाठीसुद्धा नसतो." आणि त्यांनी खटकन चौकट बंद केली.

"काय लिहिलं होतं?"

"सुरू होत नाही असं."

"ते आम्हाला माहीत होतं."

"मग त्यांना आणि तुम्हाला दोघांना माहीत आहे. अर्ज करा."

अर्ज त्यांनीच लिहिला. तीन पानी. "सदरहू यंत्रामधील सदरहू यंत्र" असे शब्द त्यात सतरा वेळा होते. तो कोणाला पाठवायचा ते ठरेना, म्हणून आम्ही कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला. चाळीस मिनिटं एक बासरी ऐकली. मग एक मुलगी बोलली.

"यंत्राचा अनुक्रमांक सांगा."

"बाहेरच्याचा की आतल्याचा?" मी विचारलं.

"सर, तुमच्याकडे दोन यंत्रं आहेत का?"

"एकच आहे. पण त्यात एक आहे."

"आतलं कधी खरेदी केलंत?"

"केलं नाही. ते आभासी आहे."

"म्हणजे ते नाहीये?"

"आहे, पण नाही."

"सर, नसलेल्या यंत्राची तक्रार मला नोंदवता येणार नाही."

"बाई, ते नाही हीच तर तक्रार आहे."

यावर परत बासरी लागली. अर्ध्या तासाने दुसरा माणूस आला. त्याने आतल्या यंत्राचं वजन विचारलं, कारण त्याच्या फॉर्मवर ती जागा रिकामी सोडता येत नव्हती. दादाने मागून ओरडून सांगितलं, "बावीस डबे कोळसा धरून सांग." मी फोन ठेवला. माझी बायको दारात उभी राहून सगळं ऐकत होती. म्हणाली, "एकतीस वर्षं बॉयलर चालवला म्हणे. आगपेटीसुद्धा मीच द्यायचे डब्यात." कवळी बसल्यापासून मी भांडताना शब्द जपून वापरतो.

बारा तारखेला लॅपटॉप काखेत घेऊन मी दुकानात गेलो. नंबराचा कागद घेतला, चौसष्ट. पाटीवर एकवीस चालू होता. दुकानातली दुरुस्तीवाली मध्यम वयाची, कपाळावर भिंग बांधलेली. तिने माझं सगळं ऐकलं. गाडी, अकरावं स्टेशन, बावीस तारीख. एवढं कुणी ऐकत नाही.

"बॅटरी बदलली की हा मूळच्या सवयी सोडून सगळं विसरतो," ती म्हणाली. "पोटात दुसरं मशीन चालवायची परवानगी याला वेगळी द्यावी लागते. ती उडाली असणार." तिने तो बंद केला, चालू होता होता एक कळ धरून ठेवली, एक निळा पडदा आणला, त्यात एका ओळीवर "नाही" होतं ते "होय" केलं.

"एवढंच?"

"एवढंच. घरी जाऊन लावा. गर्दी आहे."

हे मी मान्य करतो की तिथेच लावून बघायला हवं होतं. पण मागे पासष्ट नंबर खाकरत होता.

घरी येऊन लावला. चौकट आली. पण नवी चौकट. मला इतका आनंद झाला की मी दादाला मिठी मारली. बॉयलरवाल्यालाच कळेल हे: आवाज बदलला म्हणजे बिघाड सरकला. हेडक्लार्क येऊन ठेपलेच होते. त्यांनी वरची ओळ आणि खालची ओळ बघून चौकट मिटली. "स्मृती अपुरी, असं आहे," ते म्हणाले. "वयोमानाने होतं."

पुढचे चार दिवस स्मृतीत गेले. हेडक्लार्कांचं म्हणणं, लॅपटॉपला थंड जागी ठेवा. बायकोचं म्हणणं, दोन दिवस त्याला कोणी हात लावू नका, आपोआप आठवेल. दादाने चार मिनिटं त्याच्यासमोर मोठ्याने प्राणायाम केला. शेवटी सोळा तारखेला मी दुकानात फोन केला आणि दुरुस्तीवालीने विचारलं, "मागे दुसरं काही उघडं आहे का?"

होतं. दादाने ब्लड प्रेशरवरचे एकसष्ट लेख उघडून ठेवले होते. तो एकही बंद करत नसे, कारण प्रत्येकात वेगळा आकडा होता आणि सगळ्यात बरा आकडा कुठला ते त्याला ठरवायचं होतं.

"बंद करा," वहिनी म्हणाल्या.

"सगळे?"

"माझी गाडी उभी आहे. मागची लाइन तुंबली असेल."

मागची लाइन नव्हतीच, खेळात एकच गाडी होती. पण हे बोलायची हिंमत आमच्यात नव्हती. दादाने एकेक लेख बंद केला. प्रत्येकाचा आकडा आधी मोठ्याने वाचला. त्याला दीड तास लागला, आणि शेवटी त्याचंच ब्लड प्रेशर मोजावं लागलं.

स्मृती परत आली. सतरा तारखेला आतलं यंत्र जागं होऊ लागलं. काळा पडदा, पांढरी अक्षरं, एक रेघ अर्ध्यापर्यंत भरली. वहिनींनी दांड्याच्या कळीवर बोट ठेवलं. आणि चौकट. ही सगळ्यात लांब होती. सात ओळी, आणि खाली तीन बटणं: पुन्हा प्रयत्न करा, रद्द करा, आणि तिसरं लाल, "जतन केलेली स्थिती टाकून द्या."

पुन्हा प्रयत्न करून आम्ही तो दिवस घालवला. अठराला सकाळी हेडक्लार्क चहाचा कप हातात घेऊन आले. वरची ओळ, खालची ओळ. "स्पष्ट आहे. लाल बटण दाबा. शिफारस त्याचीच आहे, म्हणून ते लाल आहे."

"त्याने काय होईल?" वहिनींनी विचारलं.

"जुनं टाकलं जाईल, कोरं सुरू होईल."

"म्हणजे गाडी पहिल्या स्टेशनात?"

"पहिल्या स्टेशनात. नवी कोरी."

अकराव्यापर्यंत परत यायलाच दहा बैठका. आणि हातात होते चार दिवस. वहिनींनी टेबलाची कड धरली आणि हळू आवाजात म्हणाल्या, "भावजी, दाबून टाका. निदान चाकं फिरलेली तरी दिसतील."

या बाईने कधी कुठल्या गोष्टीत "निदान" म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. माझी पहिली चार अक्षरं उलटी आली तेव्हासुद्धा नाही. हेडक्लार्कांनी माझी वाट न बघता बोट पुढे केलं. मी त्यांचं मनगट धरलं. चहा सांडला.

"थांबा," मी म्हटलं. "माझं वाचून व्हायचंय."

"अहो, सात ओळी आहेत. जेवणाची वेळ होईल."

"होऊ दे."

मी पडद्यावर बोट टेकलं. आभासी यंत्राची जतन केलेली स्थिती पुनःस्थापित करता आली नाही. यंत्रास जोडलेली चकती-संचिका उपलब्ध नाही. हे मराठीच होतं, पण कचेरीतलं, त्यामुळे प्रत्येक ओळ दोनदा करावी लागली. पाचव्या ओळीपर्यंत दादाला डुलकी लागली. सहावी ओळ अशी होती: सदर संचिका काढता येण्याजोग्या साधनावर आहे. सातवी: कृपया साधन पुन्हा जोडून प्रयत्न करा.

"काढता येण्याजोगं साधन," मी म्हटलं. "म्हणजे काहीतरी असं, जे कोणीतरी काढलं."

"कोणी काढलं?" वहिनींनी विचारलं.

नखाएवढं काळं बूच माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं, आणि ते व्हॉल्व्हएवढं मोठं दिसू लागलं. ते बूच नव्हतंच, पेन ड्राइव्ह होता; जुन्या कॉम्प्युटरचा आत्मा त्यातच बसलेला.

आता प्रामाणिक माणसाने तिथेच सांगितलं असतं. मी म्हटलं, "जरा जाऊन येतो." घरी जाऊन सदऱ्याचे खिसे उलटे केले. नव्हतं. खिळ्यांचा डबा ओतला. नव्हतं. शेवटी बायकोला विचारलं, अगदी सहज, की एक लहानसं काळं बूच पाहिलंस का.

"ते होय? धुवायला टाकलेल्या सदऱ्यात होतं. खिडकी खडखडत होती, तिथे ठोकलंय. छान बसलं."

"ठोकलं कशाने?"

"बत्त्याने. मग कशाने ठोकणार?"

खिडकीच्या फटीतून ते मी चिमट्याने काढलं. एका कोपऱ्याला चेपलेलं होतं, बाकी जिवंत दिसत होतं. फुंकर मारली, धोतराने पुसलं, आणि मुठीत घेऊन समोरच्या घरात गेलो. बेत असा होता की गुपचूप भोकात सारायचं आणि पुढे विद्वानासारखं "आता लावून बघा" म्हणायचं. पण वहिनी तिथेच लॅपटॉपच्या कडेवरून बोट फिरवत बसल्या होत्या. त्यांचं बोट नेमकं त्या रिकाम्या भोकावर होतं.

"इथे काहीतरी असायचं," त्या म्हणाल्या. "मुलगा म्हणाला होता, याला हात लावू नको. मी समजले, ते अंगाचंच आहे."

मी मूठ उघडली. "मी काढलं. नऊ तारखेला. मला वाटलं, धुळीचं बूच."

हेडक्लार्क म्हणाले, "म्हणजे गेले नऊ दिवस..."

"हो."

"आणि माझा तीन पानी अर्ज..."

"हो."

दादा जागा झाला होता. तो एवढा हसला की त्याला खरोखरच गॅस झाला. दारातून माझी बायको म्हणाली, "मशीनचा माणूस." वहिनी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी बूच घेतलं, चाचपून भोकात बसवलं, आणि म्हणाल्या, "बत्त्याचा मार खाऊन चालतंय का ते आधी बघू. तुमची फजिती कुठे पळून जात नाही."

चाललं. रेघ पूर्ण भरली. आणि रूळ दिसले, डावीकडे दांडा, उजवीकडे ब्रेक, आणि मागे बावीस डबे, अकराव्या स्टेशनात, जसे सोडले होते तसे. हेडक्लार्क हातातला रिकामा कप खाली ठेवायचा विसरले.

एकोणीसला बारावं स्टेशन झालं. पण एक नवीनच अडचण निघाली. लांबचा सिग्नल वहिनींना दिसेना. लाल की हिरवा ते कळत नव्हतं, दोन्ही धुरकट. वीस तारखेला, तेराव्याला निघताना, त्यांनी एक खुर्ची शेजारी ओढली आणि मला बसवलं. "भावजी, तुम्ही सिग्नल सांगायचा. फक्त सिग्नल. गाडी मी चालवते." मी सांगायचो, "पुढे पिवळा." त्या वेग कमी करायच्या. "हिरवा." दांडा पुढे. वेगाचा आकडासुद्धा मीच वाचायचो, बोट धरून, आणि माझं वाचून होईपर्यंत वेग बदललेला असायचा. "मागचा आकडा सांगू नका, आत्ताचा सांगा," त्या म्हणायच्या. दादा मागे गार्ड झाला. त्याला शिट्टी मिळाली नाही, म्हणून तो तोंडानेच वाजवायचा, आणि कवळी त्यालाही असल्यामुळे ती वेगळीच वाजायची. हेडक्लार्कांना सिग्नलला बोलण्याची परवानगी नव्हती. त्यांना फलाटावर उभं केलं होतं, म्हणजे कपाटापाशी.

एकवीस तारखेला दुपारी सव्वातीन वाजता गाडी चौदाव्या स्टेशनात शिरली. शेवटचे दोनशे मीटर वहिनींनी मला गप्प बसवलं. ब्रेक इतका हलका लावला की कुठला डबा कुठल्याला लागल्याचा आवाज आला नाही. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी उमटलं. वहिनींनी पडद्याला नाक लावून ते वाचलं.

"चौदा मिनिटं उशीर म्हणतोय," त्या म्हणाल्या.

"कोणामुळे?" दादाने विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

खाली खेळाने एक प्रश्न विचारला होता: रिकामे डबे परत न्यायचे का? वहिनींनी चष्मा काढला, डोळे पुसले, आणि "होय" दाबून झाकण मिटलं. म्हणाल्या, "उद्या सकाळी सात वाजता निघायचंय दवाखान्यात. इस्त्री कोण करणार आहे?"

ऑपरेशन झालं. डाव्या डोळ्याने त्यांना उजेड आणि माणसांच्या आकृती दिसायच्या, त्याहून जास्त नाही. गाडी मात्र थांबली नाही. रविवारी जेवण झालं की मी समोर जायचो, शेजारच्या खुर्चीत बसायचो, आणि सिग्नल, वेग, फलाटाचं अंतर सगळं वाचायचो. आता मी आत्ताचा आकडा सांगू शकत होतो. दांडा आणि ब्रेक त्यांच्याच हातात. दोन-तीन महिन्यांत एखादं स्टेशन व्हायचं, कधी तेही नाही. त्या दरवेळी माझा "हिरवा" ऐकूनसुद्धा विचारायच्या, "नक्की?"

परतीच्या वाटेवर आम्ही चौथ्या स्टेशनापर्यंत आलो होतो. वहिनी २०१९ सालच्या फेब्रुवारीच्या सात तारखेला, गुरुवारी सकाळी, वारल्या.